तांडेलाचा गुडघा

धर्माजी तांडेलाचा गुडघा सुजला की वादळ येतं, हे अख्ख्या बंदराला पाठ होतं. आज गुडघा गप्प होता, म्हणून होड्यांच्या या म्होरक्यानं आठही होड्या मासेमारीला सोडल्या. सगळ्यांत पुढच्या होडीवर त्याचा मुलगा होता.

इतक्यात पोटावरचा डॉक्टरांनी दिलेला पट्टा थरथरला आणि धर्माजी ताडकन उठला. प्लीहेच्या नसेवर ध्वनिलहरी सोडून हा पट्टा महिनाभर अंगातली सूज पळवत होता! गुडघा बोलणार कुठून?

“चांगुणे, तुझी बोटं बघू!” बायकोची बोटंही वादळाआधीच फुगत.

“आत्ताच अंगठी रुतायला लागलीय. याचसाठी तर मी तुझ्यासारखा पट्टा बांधत नाही. घरात एकाला तरी दुखायला हवं!”

दहा वर्षं लंगडणारा तांडेल ओरडत धक्क्यावर असा धावला, की अजून हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलानं बापाला ओळखलंच नाही. शिवी मात्र ओळखली, आणि सुकाणू बंदराकडे फिरवलं.