पलीकडचा काठ

गळ टाकून बसणारा माणूस एक वेळ मनातलं पाप सांगेल, पण माशांची जागा सांगणार नाही. थंडीत तळ्यातले मासे पलीकडच्या काठाशी, खोल पाण्यात जाऊन बसतात, हे एकट्या कंपाउंडरला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना, अगदी बायकोलाही, त्याने ‘आपली बैठक पुलाखाली’ असंच पढवून ठेवलं होतं.

आज संध्याकाळी त्याच काठावर त्याचा पाय घसरला आणि तो कमरेपर्यंत गाळात रुतला. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा हाताशी असलेला आमिषाचा डबा तो गळाच्या काठीने बडवत राहिला. धुकं असं दाट की स्वतःचा हात दिसेना. अखेर वल्ह्यांचा आवाज आला. थंड पाण्यावरून बोलणं लांबवर जातं. बायकोचा शब्द न् शब्द त्याला कानाशी बोलल्यासारखा ऐकू आला.

“भावजी, पलीकडे कोणीतरी डबा वाजवतंय.”

वल्ही थांबली. कंपाउंडरचा जीव भांड्यात पडला. उरल्यासुरल्या ताकदीनिशी त्याने डबा आणखी जोरात बडवला. शेजारचा शिंपी, त्याचा रोजचा जोडीदार, वहिनींची समजूत घालत होता.

“कोणी नवखा मासे हाकलत असेल, वहिनी. थंडीत त्या काठाला मासा फिरकतसुद्धा नाही, दादांनीच शिकवलंय मला. ते कशाला जातील तिकडे? चला, पुलाखाली आणखी एकदा बघू.”