दाखवायची हनुवटी

"सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जबडा तुमचा नाहीच असं समजा."

चष्मेवालीने सोडला. म्हणजे, सोडला असं तिला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी कोमट मेणाची पट्टी तिच्या दातांमधून काढली, उजेडाकडे धरली आणि आधीच्या पट्ट्यांशेजारी ट्रेमध्ये टाकून दिली.

"पुन्हा पुढे आणलात."

चष्म्याच्या दुकानात होती म्हणून ती चष्मेवाली. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या, म्हणजे माणसं अगदी वितीवर. हनुवटी जन्मापासून मागे, गळ्यात लपून बसलेली. शाळेच्या फोटोच्या वेळी तिने पहिल्यांदा खालचा जबडा हळूच पुढे सरकवला. फोटो झकास आला. तेव्हापासून कुणी बघितलं रे बघितलं की जबडा आपोआप पुढे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हिचा दाखवायचा जबडाच वेगळा. नवऱ्यालासुद्धा तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

मागच्या वर्षी ऑपरेशनला गेली तीही तोच जबडा घेऊन. दुसऱ्या दवाखान्यातले ते डॉक्टर माप घ्यायला वाकले की हनुवटी हजर. भला माणूस, दाखवलं ते खरं धरलं आणि हाड त्या मापाने कापून जोडून दिलं. सूज उतरली, जबडा दमला आणि निघाला आपल्या मूळ जागी. आता समोरचे दात एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पाव तोडायचा तर दाढेखाली धरून ओढावा लागे, आणि बोलताना शब्दांआधी वारा बाहेर पडे.

"सोमवारी पुन्हा कापायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावून नाही, दमून. "या मेणावरून माप जाणार. मेण खोटं बोललं तर सोमवारही खोटा. तिसऱ्यांदा हाड कापायला मी हात लावणार नाही."

चष्मेवालीचे डोळे भरले. भरल्या डोळ्यांनीही हनुवटी पुढेच.

कोपऱ्यातल्या स्टुलावर नवरा बसला होता. बस डेपोत मेकॅनिक. हात ग्रीसचे आणि तोंड गप्पांचं, म्हणून तिथे त्याला सगळे थापाडे मिस्त्री म्हणत.

"डॉक्टर, तिला झोपवा," तो म्हणाला. "झोपली की जातो जबडा जागेवर."

तिने मान वळवली. "तुम्हाला काय ठाऊक?"

तो नखांतलं ग्रीस काढत बसला.

"मापासाठी भूल देत नाही हो आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"भूल कशाला? माझी गोष्ट पुरते. रोज अर्ध्यात घोरते."

"मी घोरत नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे बघितलं. मग दिवा बाजूला वळवला, खुर्ची मागे झुकवली आणि नवं मेण कोमट पाण्यात सोडलं. "सांगा बघू."

मिस्त्रीने स्टूल पुढे ओढलं आणि आवाज खाली आणला.

"तर आमच्या डेपोत एक बस होती. कपाळावर पाटी समुद्राची, पण वळायची अलीकडच्या चौकातूनच. जन्मात समुद्र पाहिला नाही बिचारीने. एक दिवस चावी न लावता सुरू झाली आणि निघाली."

"ड्रायव्हरशिवाय?" डॉक्टरीणबाई.

"होता की. जेवत होता. डबा हातात घेऊन मागे पळाला, पण बस काही थांबेना. चौक आला, वळली नाही. वाळूत उतरली, मग पाण्यात. पाणी काचेपर्यंत आलं तशी तिने वायपर लावले आणि मागचं दार उघडलं. मासे चढले. ओळीने हं, धक्काबुक्की नाही. कंडक्टर सुट्टे मागायला लागला, तर एकेकाने आपला एकेक खवला काढून दिला…"

मेणाचा वास गोड होता. खुर्ची हलली, का बसच हलली, चष्मेवालीला कळेना. खिडकीबाहेर हिरवं पाणी मागे सरकत होतं. दिवे लागलेले, तरी ऊन असल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या सीटवर एक मोठा मासा येऊन टेकला. तिने त्याच्याकडे चोरून बघितलं. माशाला हनुवटीच नव्हती. गळा सुरू होतो तिथेच तोंड संपलं होतं. तरी तो आरामात बसला होता, तोंड किंचित उघडं टाकून, बाहेरची गंमत बघत. त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बस खोल खोल जात राहिली. कुणाचा तरी अंगठा तिच्या ओठाखाली पिसासारखा टेकला. तिला वाटलं, पाणी असेल.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, मेणाची पट्टी दोन्ही तळव्यांवर घेऊन, घरट्यातून पडलेलं अंडं धरावं तशी.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "याच मापाने कापायचं. किती मागे आहे बघा तरी." आणि पट्टी घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

खोलीत दोघंच उरली. चष्मेवाली उठून बसली. हनुवटी सवयीने निघाली, वाटेतच घुटमळली. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे तुम्ही रोज बघत होतात."

"हो."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

मिस्त्रीने तिच्या चपला पायाने खुर्चीजवळ सरकवल्या.

"सांगणार कधी? तू झोपलेली असायचीस."