‘सायकल’ या शब्दाखाली

साल दोन हजार आठ. कसबा पेठेतल्या एका ग्रंथालयाच्या माडीवर प्रेमलाताई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांनी ‘सायकल’ हा शब्द टाकला आणि भराभर नोंदी आल्या. कुणाची पहिली सायकल, कुणाची चोरीला गेलेली, कुणी ब्रेक न लागल्यामुळे थेट म्हशीच्या अंगावर घातलेली. प्रेमलाताईंची मात्र कुठेच नव्हती.

“गंधार, माझी नोंद कुठंय रे?”

गंधार आठवडाभर हिंजवडीच्या कंपनीत असायचा आणि रविवारी इथे फुकट राबायचा. जुन्या पुण्याच्या आठवणी संगणकात भरायच्या, ही ग्रंथालयाची हौस होती. यंत्रणा त्याची होती. “आहे की, काकू. ‘दलित जीवन’ टाका.”

टाकलं. आली. खाली तीन टॅग होते : दलित जीवन, येरवडा, संघर्ष.

“संघर्ष? कसला रे संघर्ष?”

“माधव सरांनी सांगितलं तसं लावलं, काकू.”

नोंदी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. आतला मजकूर संगणकाला वाचता येत नसे, तो फक्त टॅग बघे. ज्या शब्दाचा टॅग नाही, त्या शब्दाला ती नोंद असून नसल्यासारखी.

आणि नोंद होती तरी काय? कॉलेजात असताना प्रेमला आणि तिची मैत्रीण मंदाकिनी तिन्हीसांजेला सिनेमा बघून येरवड्याला परत येत होत्या. सायकल एक, दिवा नाही, वर डबलसीट. प्रेमला चालवत होती, मंदाकिनी मागे. बंडगार्डनच्या पुलावर पोलिसाने अडवलं आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली. मंदाकिनी त्याला म्हणाली, “हवा तुम्ही काढलीत, आता घरापर्यंत ढकलायला चला.” मग दोघी हसत हसत सायकल ढकलत घरी गेल्या. एवढंच.

लग्न होऊन मंदाकिनी इंदूरला गेली. दोन-चार पत्रं आली, पुढे पत्ते बदलले, आडनावही बदललेलं. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी करूनही प्रेमलाताईंना तिचा नंबर सापडला नव्हता. पण पुढच्या रविवारी हा संग्रह जगभर खुला होणार होता, वर्तमानपत्रांत बातमी येणार होती. मंदाकिनी जिथे असेल तिथून जुनं पुणं शोधेलच. शोधताना ती ‘सायकल’ टाकेल. ‘संघर्ष’ टाकणारी बाई ती नव्हे.

प्रेमलाताई माधवरावांकडे गेल्या. ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, या कामाचे प्रमुख.

“अहो प्रेमलाताई, सायकलींच्या आठवणी आपल्याकडे ढिगाने आहेत. तुमच्यासारख्यांचा आवाज वेगळा ऐकू यायला हवा. मी मुद्दाम केलंय ते.”

“त्यात आवाज सायकलच्या घंटीचा आहे, सर.”

“तुम्हाला नाही लक्षात यायचं त्याचं मोल,” माधवराव मायेने म्हणाले आणि चष्मा लावून कामाला लागले.

प्रेमलाताईही कामाला लागल्या. टॅग लावायचं काम त्याही करत, आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच होता.

शनिवारी समारंभाची रंगीत तालीम होती. समितीची मंडळी खुर्च्यांवर बसली. गंधारने मोठ्या पडद्यावर ‘सायकल’ टाकलं. सगळ्यात वर माधवरावांचीच नोंद आली, पंक्चर झाल्यामुळे परीक्षेला उशिरा पोचल्याची. खाली टॅग : सायकल, कसबा पेठ, ब्राह्मण जीवन. तिच्याखालच्या नोंदीला तेच. त्याखालच्या नोंदीलाही तेच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

“हे कुणी केलं?” माधवराव उठून उभे राहिले.

“मी,” प्रेमलाताई म्हणाल्या.

“अहो, काय संबंध? माझी सायकल पंक्चर झाली, यात जात कुठून आली?”

“आडनावावरून लावली. माझी तुम्ही तशीच लावलीत ना?”

माधवरावांचे कान लाल झाले. “ठीक आहे. गंधार, हे सगळं काढ. आणि यांचंही ‘दलित जीवन’ काढून टाक. झालं तुमचं समाधान?”

गंधारचा हात माउसकडे गेला. प्रेमलाताईंनी त्यावर आपला हात ठेवला.

“माझं काढायचं नाही. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, ती लपवायला नाही. तिथे ‘बौद्ध’ लिही. तो शब्द आमचा आम्ही घेतलाय. येरवडा राहू दे. संघर्ष खोड, आणि त्या जागी सायकल लिही.”

“म्हणजे तुम्हाला दोन्हीकडे जागा हवी?” माधवरावांनी विचारलं.

“हो. मी दोन्हीकडे होते.”

गंधारने लिहिलं.

माधवराव उद्घाटनाला आले नाहीत. पुढे त्यांनी आपल्या नोंदीही काढून घेतल्या. रस्त्यात भेटले तर ते प्रेमलाताईंशी पावसापाण्याचं बोलत, सायकलीचं कधीच नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गंधार अमेरिकेला गेला. जाण्याआधी त्याने यंत्रणेत एक सोय करून ठेवली : नोंद लिहिणाऱ्याने होकार दिल्याशिवाय तिला टॅग लागतच नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर प्रेमलाताईंच्या नोंदीखाली इंदूरहून अभिप्राय आला. “प्रेमले, खोटारडे! चालवत मी होते. मागे तू बसली होतीस, माझा पदर धरून. नोंद दुरुस्त कर.”

मंदाकिनी आता दर थंडीत पुण्याला येते आणि त्यावरून भांडते. प्रेमलाताईंनी नोंद अजून दुरुस्त केलेली नाही.