मारुतीरावांचं माप

तिसऱ्या खेपेलाही मालुबाईंचा पाय वीतभर उठला आणि धप्पकन खाली आला. पायानं दांडा उचलायच्या मशीनमागचं वजन खणकन वाजलं. निपाणीच्या त्या जिममध्ये सकाळी अकराला बायकांची बॅच असते. आवाज झाला की सगळ्या वळून बघतात, मग न बघितल्यासारखं करतात.

"मावशी, मनात आणा की," ट्रेनर नीलम म्हणाली. "दहाच किलो हाय."

मालुबाईंनी सुनेकडून मागून आणलेल्या ओढणीनं तोंड पुसलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. मांडीत ताकद आल्याशिवाय काठी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिनाभर त्या इथं येत होत्या, आणि महिनाभर हेच चाललं होतं.

"चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत मांडी घालून बसले. पायात काय उरलंच न्हाय गं," त्या म्हणाल्या आणि काठी ओढून घेतली. "उद्यापासनं न्हाय येत मी."

शेजारच्या मशीनखाली मारुतीराव मिस्त्री ग्रीस भरत होते. इथली सगळी मशीनं त्यांच्याच हातची. जमिनीवरून त्यांना मालुबाईंचा गुडघा नीट दिसत होता. मशीनचा दांडा ज्या पिनीवर फिरतो, त्या पिनीच्या तो चार बोटं मागं होता. त्यांना लगेच कळलं. पण आत्ताच जिमच्या मालकानं त्यांना आणखी दोन मशीनं करायला सांगितली होती; चूक कबूल केली तर ते काम हातचं जाणार होतं. त्यांनी फडक्याला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

मग उठले. खाली अंथरलेलं गोणपाट झटकून त्याची घडी केली आणि मालुबाईंच्या पाठीमागं सारली. गुडघा पुढं सरकून पिनीच्या रेषेत आला.

"आता उचला."

पाय सरळ झाला. पुन्हा झाला. नीलमनं आणखी पाच किलो लावले. तेही उठले.

"गोणपाटानं उचललं. माझं काय त्यात," मालुबाई ओशाळून म्हणाल्या.

मारुतीरावांचं इथं नुसतं हसून भागलं असतं.

"गोणपाटानं न्हाय," मारुतीराव म्हणाले. "तुमच्यात जोर हुताच. मशीन चुकलंय. मी माझ्याच पायाच्या मापानं केलंय."

मालुबाईंनी त्या सहा फुटी माणसाला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "घरात बाईमाणूस न्हाय व्हय तुमच्या? तिला बसवून बघायचं, अण्णा."

बायका हसल्या. मारुतीराव पाना शोधायला खाली वाकले आणि वाकूनच राहिले.

पहिलं मशीन तयार झालं तेव्हा त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता आणि हौसेनं सगळ्यांत आधी त्याच बसल्या होत्या. "गुडघ्यात ओढतंय वो," म्हणाल्या होत्या.

"तुझ्याच पायात जोर न्हाय," असं म्हणून मारुतीरावांनी बायकोला उठवलं होतं आणि मशीनला रंग द्यायला घेतला होता.