परबांचा रेडिओ

परबांच्या म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, म्हणून सकाळी सहाला त्यांचा रेडिओ कांजूरमार्गच्या त्या अख्ख्या चाळीला ऐकू जायचा. समोरचे कारखानीस पाच वर्षं भांडत होते आणि सून प्रेमा पाच वर्षं माफी मागत होती. शेवटी तिने सासऱ्यांना कानाचं मशीन आणून दिलं. खिशात डबी, कानात वायर. रेडिओ एकदम हळू झाला.

चौथ्या दिवशी कारखानीस दारात उभे. प्रेमा सवयीने म्हणाली, "सॉरी हं."

कारखानीस कुजबुजले, "तसं नाही हो. सकाळच्या बातम्या होईपर्यंत त्यांचं मशीन लपवून ठेवाल का? जाग येत नाही. तीन दिवसांत तीन लेटमार्क लागले."

आतल्या खोलीतून सासरे शांतपणे म्हणाले, "कारखानीसांनू, गजराचा घड्याळ घेवा."