नोंद नाही

कर्जतच्या ऑफिसात नंदानं वनहक्काच्या दाव्यांच्या डेटाबेसची नक्कल घेतली आणि चाचणी म्हणून तीन दिवस तिच्यात खोट्या नोंदी कोंबल्या. प्रत्येक नोंदीला क्रमांक लागतो. क्रमांक संपले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आज ते संपले. तिनं बापाचं नाव शोधलं, वाघ्या. उत्तर आलं: नोंद नाही. तिच्या वाडीचे सगळे जुने दावे गायब होते. त्यांचे क्रमांक आता चालू क्रमांकाच्या पुढचे, म्हणून मशीनच्या लेखी ते अजून केलेच नव्हते. “अगं, नक्कल हाय ती,” तिचे साहेब जितेशसर म्हणाले. “खऱ्यातले क्रमांक संपायला अजून दोन वर्षं हायत. पास लिही, उद्या सिस्टिमचं उद्घाटन हाय.” “दोन वर्षांनी तुमी कुठं असाल, सर?” “पुण्यात. का गं?” “बा दाव्यातल्या त्याच तुकड्यावर असंल, नाचणी लावत.” “ते उद्घाटनानंतर बघू.” नंदानं चाचणीच्या अहवालात ‘नापास’ लिहिलं. मग एरवीसारखी आद्याक्षरं न टाकता तिनं खाली अख्खी सही केली: नंदा वाघ्या वाघमारे.