पाहुणा परत येणार

"दुपारच्या आत तुझा पाहुणा कंटाळून स्टेशनात जाऊन बसणार बे," सोमलिंग म्हणाला. "सोलापुरात बघायला हाय काय? ऊन."

"लाव पैज," मुकुंदराव म्हणाले.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेली मंडळी पुढं सरकली. मुकुंदरावांची पैज म्हणजे फुकटची करमणूक. गेल्या शिमग्याला या माणसानं लिफ्टवर 'चपला बाहेर काढाव्यात' असा कागद चिकटवला होता, आणि निम्मी बिल्डिंग आठ दिवस अनवाणी वर-खाली करत होती.

ठरलं ते असं. संध्याकाळपर्यंत पाहुण्यानं आपण होऊन 'परत येईन' म्हटलं पाहिजे. म्हटलं, तर सोमलिंगनं मे महिन्याच्या उकाड्यात सोलापुरी चादर पांघरून तलावाच्या काठावर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, 'मी चुकलो, सोलापूर लई भारी.'

"आणि न्हाय म्हटला तर?" तळमजल्यावरच्या अक्कम्मांनी विचारलं.

सोमलिंगनं हनुवटी खाजवली. "तर मुकुंदानं गप पुण्याला पोराकडं राहायला जायचं. दोन वर्सं झाली, हृषीकेश फोन करून करून थकलाय."

हशा पिकला. मुकुंदरावही हसले, पण जरा उशिरा. बायको, यशोदाबाई, गेल्यापासून पोराचा तोच हट्ट होता. पुण्यात कुणाची चेष्टा करायची? तिथले शेजारी दारच उघडत नाहीत. घराचे कागद त्यांनी कधीच हृषीकेशच्या नावावर करून टाकले होते, दारावरची पाटी तेवढी स्वतःची ठेवली होती. या दारातून आपण आडवेच बाहेर पडणार, असं ते सगळ्यांना सांगत.

"मान्य," ते म्हणाले. "पण दिवसभर तू मागं मागं यायचं आणि तोंड उघडायचं न्हाय."

पाहुणाही हृषीकेशनंच धाडलेला. "ओळखीचे आहेत, बाबा. नुकतेच रिटायर झालेत. सगळं नीट दाखवा," एवढाच फोन.

रविवारी सकाळी अवधूतराव गाडीतून उतरले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, खिशात छोटी वही. मुकुंदरावांनी त्यांना आधी भुईकोट किल्ल्यात नेलं. तिथल्या एका तोफेवर हात ठेवून ती दर अमावस्येला कशी खोकते, ते साभिनय सांगितलं. अवधूतराव गालात हसले.

"इथून भाजी मंडई किती लांब?" त्यांनी विचारलं.

"ही काय, चालत जा."

अवधूतरावांनी वहीत काहीतरी टिपलं.

देवळाच्या वाटेवर फुलवालीनं हाक मारली, "या साहेब, परत आलात व्हय?" तिला आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. अवधूतराव गोंधळले, पण खूश दिसले. मागून सोमलिंगनं दात-ओठ खाल्ले.

जेवायला कडक भाकरी. मुकुंदरावांनी तिच्यावर बुक्की मारली, तुकडे पाहुण्याच्या ताटात टाकले आणि शेंगाचटणीवर दही ओतून दिलं. दुसऱ्या घासाला अवधूतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"जवळपास डॉक्टर आहेत का हो चांगले?"

मुकुंदरावांनी दह्याचं भांडं घाईनं पुढं सरकवलं. चटणी बाधली, की पैज गेली, की पुणं.

"हाकेच्या अंतरावर," ते कसेबसे म्हणाले. "का, त्रास होतोय?"

"छे छे. सहज विचारलं. आणखी एक तुकडा द्या."

ऊन टळेपर्यंत बसायला मुकुंदराव त्यांना घरी घेऊन आले. त्यांच्या गॅलरीतून तलाव ताटात वाढल्यासारखा दिसायचा. अवधूतराव बराच वेळ तिथं उभे राहिले. मग आत आले, खिडकी उघडून बघितली, लावून बघितली, आणि मोरीत हात धुवायला गेले.

"पाणी रोज येतं का?"

सोमलिंगला ठसका लागला. चार-चार दिवस नळाची वाट बघायची, घरातलं पातेलंन् पातेलं भरून ठेवायचं, यात त्या बिल्डिंगचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण मुकुंदराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आदल्या दिवशीच टँकर बोलावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेतली होती, आणि घरातली पिंपं अक्कम्मांकडं लपवली होती.

त्यांनी नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो पडायला लागलं.

"चोवीस तास," ते पापणीही न हलवता म्हणाले. "तलावाचं गाव आहे, साहेब. पाण्याला काय तोटा?"

सोमलिंगचे डोळे बटाट्याएवढे झाले. पण अट म्हणजे अट. अवधूतराव कितीतरी वेळ धारेखाली हात धरून उभे होते.

ऊन उतरल्यावर सगळी बिल्डिंग तलावाच्या काठावर जमली. वारा सुटला होता. देवळाचं शिखर पाण्यात हलत होतं, बगळे परतत होते. अवधूतराव फोन कानाला लावून जरा बाजूला गेले, दोन मिनिटं बोलले आणि परत आले. वही मिटून त्यांनी खिशात ठेवली.

"मुकुंदराव, मी परत येईन," ते म्हणाले. "नक्की येणार."

मुकुंदरावांनी टाळी वाजवली. अक्कम्मांनी पिशवीतून लालभडक चादर काढली आणि सोमलिंगला शेंडीपासून टाचेपर्यंत गुंडाळलं. घामानं निथळत तो भेळेच्या गाडीपाशी उभा राहिला.

"मी चुकलो," तो पुटपुटला. "सोलापूर लई भारी."

भेळ खाणारे वळून बघायला लागले. कुणीतरी मोबाइल काढला. मुकुंदराव गुडघ्यांवर हात टेकून हसत होते. डोळ्यांना पाणी आलं होतं.

"जोरात बे, पलीकडच्या काठाला ऐकू जाऊ दे. आणि पुण्याचं नाव पुन्यांदा काढू नको. मी हितनं हालत नसतो."

अवधूतरावही हसले. मग त्यांनी मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या हिला पाण्याचीच धास्ती होती हो. पण घर दाखवावं तर तुम्हीच. हृषीकेशना आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं, एक तारखेला ताबा देतो म्हणाले. तोवर तुमचं सामान पुण्याला हललेलं असेल ना?"